गुळाचे आबा

शेलार मॅडम आमच्या शिरूरच्या शाळेत चित्रकला शिकवायला आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी सातवीच्या वर्गात टेबलावर एक जास्वंद ठेवली. मुलांनी हौसेनं काढली, लालभडक रंग भरला. दुसऱ्या दिवशी टेबलावर तीच जास्वंद, पाकळ्या मिटलेली. "काढा," मॅडम म्हणाल्या. आणखी दोन दिवसांनी ती काळी, बुळबुळीत झाली आणि देठाशी पांढरी बुरशी धरली. एका मुलीनं नाकाला रुमाल लावला. "मॅडम, दुसरं आणू का? आमच्या दारात लय फुलं हायेत."

"ताजं फूल सगळ्यांनाच काढता येतं गं," मॅडम म्हणाल्या. "आज हे काय करतंय ते बघ."

वर्गातून वास येतो अशी तक्रार गेली. मी विज्ञान शिकवते, म्हणून मुख्याध्यापकांनी मला मध्ये घातलं. "बाई, तुम्ही जरा समजावा त्यांना." मी समजवायला गेले आणि मधली सुट्टी संपून पुढचा तास सुरू झाला तरी आम्ही दोघी बुरशीवर बोलत उभ्या होतो. आमची ओळख झाली ती अशी.

उंच, हडकुळ्या. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, नखांत कायम माती. पर्समध्ये एका डबीत गूळ आणि शेंगदाणे. स्टाफरूममध्ये चहा आला की सगळे बिस्किटं काढायचे, त्या गुळाचा खडा तोंडात टाकून वरून बिनसाखरेचा चहा प्यायच्या. बोलायच्या कमी. पण बोलल्या की समोरच्याला आधी दचकायला व्हायचं आणि मग घरी गेल्यावर ते आठवत राहायचं.

'फार वाईट झालं' या वाक्याचा त्यांना मनापासून राग होता. आमच्या शाळेतल्या क्लार्कची, गायकवाडांची आई वारली तेव्हा आम्ही सगळे मिळून भेटायला गेलो. सतरंजीवर बसलो. वय काय होतं, शुगर होती का, चला, सुटल्या एकदाच्या, असं नेहमीचं झालं आणि मग सगळे पंख्याकडं बघायला लागले. तेवढ्यात शेलार मॅडमनी विचारलं, "शेवटचं काय खाल्लं त्यांनी?"

आम्ही चपापलो. एकीनं मला कोपरानं ढोसलं. गायकवाडांनी वर बघितलं. मग म्हणाले, "दोन चमचे पेज. मीच भरवली. आन् मला म्हणती, मीठ टाकायला इसरलास व्हय रं?" आणि ते हसले. हसता हसता त्यांना जे रडू आलं, ते तेवढ्या दिवसांत पहिल्यांदा आलं असं त्यांच्या बायकोनं नंतर सांगितलं. त्यानंतर ते आईबद्दल बोलतच राहिले. आम्ही उठायला लागलो तर उठू देईनात.

चौकातले फ्लेक्स बघायचाही मॅडमना नाद होता. एका अंगाला वाढदिवसाचे, दुसऱ्या अंगाला श्रद्धांजलीचे. एकदा बाजारातून येताना त्या एका फ्लेक्सखाली थांबल्या. तरुण पोरगा, गॉगल लावलेला, हसरा, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. "बाई, त्याचा खांदा बघा," म्हणाल्या. खांद्यावर चार बोटं होती. कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोतून त्याला कापून घेतलं होतं. शेजारचा मित्र कापून टाकला होता, त्याची बोटं राहिली होती.

"घाईत राहिली असतील," मी म्हटलं.

"असतील," त्या म्हणाल्या, पण जागच्या हलेनात. भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत तशाच वर बघत राहिल्या. "प्रदर्शनांतून मरणावर काय काय केलेलं बघितलंय मी. असं कुणाला जमलेलं नाही."

त्यांचं गाव केडगावच्या अलीकडं, भीमेच्या काठाला. शनिवारी शाळा सुटली की न्हावऱ्यावरून जाणाऱ्या चौफुल्याच्या एसटीनं गावी जायच्या. माझी बहीण केडगावला दिलेली, म्हणून कधीकधी आम्ही बरोबर असायचो. त्यांच्या आबांची हकीकत मी त्या एसटीतच ऐकली.

आबा म्हणजे त्यांचे वडील, गुळव्या होते. गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत उकळत असतो, तो नेमका कधी उतरवायचा हे ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या. जरा उशीर झाला तर गूळ करपतो, जरा घाई झाली तर ढेप बसत नाही. आबांनी सगळा जन्म दुसऱ्यांच्या गुऱ्हाळावर काहिलीपुढं काढला. मग एक दिवस लकव्यानं त्यांची डावी बाजू गेली. मॅडमनी तेव्हाच्या नोकरीतून रजा काढली आणि गावी जाऊन राहिल्या. अंग पुसायचं, कूस बदलायची, पाठीच्या जखमांना मलम लावायचं, आणि उरलेल्या वेळात आबांची चित्रं काढायची. आबांना त्याची गंमत वाटायची. "काढ, काढ," म्हणायचे. "म्या काय हालत न्हाई."

आबा एका सकाळी गेले. त्यांच्या गावात बायका प्रेतामागं वेशीपर्यंत जातात आणि तिथून माघारी फिरतात. मॅडम फिरल्या नाहीत. थोरला भाऊ, सुभाषदादा, पुढं मडकं धरून चालला होता. तो म्हणाला, "अलके, मागं फिर."

"मला यायचंय, दादा."

"बायका येत न्हाईत तिथं."

भावकीतले दोघं आडवे झाले. मॅडम घरी आल्या आणि बाकीच्या बायकांबरोबर घर धुऊन काढायला लागल्या.

"आबांचं काही बघायचं राहिलं नव्हतं हो माझं," एसटीच्या खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या. "त्यांचं हगणंमुतणं बघितलं, जखमेतला पू बघितला. आणि शेवटचं तेवढं मला बघू दिलं नाही. दादा परत आला, पायावर पाणी घेतलं आणि म्हणाला, झालं. काय झालं, कसं झालं? मी तेव्हा मोरी घासत होते."

 न्हावऱ्याला एसटी थांबली तेव्हा त्यांनी डबी काढून माझ्या हातावर गुळाचा एक खडा ठेवला.

त्यानंतर काही महिन्यांनी स्टाफरूममध्ये त्यांनी मला विचारलं, "बाई, गूळ किती दिवस राहतो?"

मी म्हटलं, कोरड्या जागी, घट्ट डब्यात ठेवला तर वर्षभर राहील.

"आणि उघड्यावर?"

"उघड्यावर कशाला ठेवायचा? पाझरतो, मुंग्या लागतात."

"तेच," त्या म्हणाल्या. "तेच बघायचंय."

आबा ज्या गुऱ्हाळावर शेवटी कामाला होते, तिथंच त्यांनी आबांना घडवलं. आधी मातीत. मातीवरून प्लॅस्टरचा साचा. मी बघायला गेले तेव्हा साच्याचे तुकडे चिपाडाच्या ढिगाशेजारी वाळत पडले होते, कुठं पाऊल, कुठं अर्धा चेहरा. आता तिथला गुळव्या उत्तर प्रदेशातला रामसजीवन. आबांच्या हाताखाली तो शिकला होता. त्यानंच साच्यात गूळ ओतला; पहिल्या वेळी मान तडकली. दुसऱ्या वेळी त्यानं काहील जरा उशिरा उतरवली. साचा उघडला तेव्हा गूळ अजून कोमट होता. रामसजीवन वाकला आणि त्यानं गुळाच्या पावलांना हात लावून तो कपाळाला लावला. "बाबूजी तो पूरे उतर आए, दीदी."  आबांच्या कानामागं गुळाचा एक थेंब राहिला होता, तो मॅडम बोटानं सारखा करत राहिल्या.

पुण्यात एका गॅलरीत मरण या विषयावर पाचसहा कलावंतांचं प्रदर्शन होतं, तिथं ते काम मांडलं. मी रविवारी गेले. एका भिंतीवर छातीचे एक्स-रे मागून दिवे लावून टांगले होते. कुणी इस्पितळातल्या चादरी शिवून तंबू केला होता. आणि मधल्या खोलीत लोखंडी खाट. त्यावर आबा उजव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेतलेले, तोंड किंचित उघडं. वरून दिव्याचा उजेड पडत होता आणि बरगड्या मधासारख्या चमकत होत्या. खाटेच्या पायाशी पाटी: 'हात लावला तरी चालेल. खाल्लं तरी चालेल.'

खरं सांगते, त्या गुळाच्या वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि त्याच क्षणी मला स्वतःची शिसारी आली. दोन्ही एकदम. मी आयुष्यात काही फार प्रदर्शनं बघितलेली नाहीत, पण कुठल्या चित्रापुढं माझं असं झालं नव्हतं.

लोक येत होते, फोटो काढत होते, पाटी वाचून एकमेकांकडं बघत होते. हात कुणी लावत नव्हतं. पहिला हात लावला तो मुंग्यांनी. गॅलरी चालवणाऱ्या बाईंनी खाटेभोवती मुंग्यांच्या पांढऱ्या पावडरीची रेघ ओढली होती, आणि मी पोचले तेव्हा मॅडम खाली बसून ती रेघ ओल्या फडक्यानं पुसत होत्या.

"अहो, बाकीच्या कामांवर चढतील," त्या बाई म्हणाल्या. "आणि नश्वरतेचा मुद्दा कळलाय लोकांना. आणखी काय दाखवायचंय तुम्हाला?"

"नश्वरताबिश्वरता मला माहीत नाही," मॅडम फडकं पिळत म्हणाल्या. "हे आबा आहेत. यांना जाऊ द्या."

तेवढ्यात सुभाषदादा आला. कुणीतरी काढलेला व्हिडिओ मोबाइलवरून फिरत फिरत त्यांच्या गावात पोचला होता. खाली लिहिलेलं, 'पोरीनं बापाचा पुतळा केला आन् लोकांना खायला घातला.' दादाबरोबर भावकीतले दोघं होते. त्याच्या अंगावर पांढरा शर्ट, कपाळाला गंध, चेहरा लाल झालेला. खाटेपाशी येऊन तो थांबला. बराच वेळ नुसता बघत राहिला. मग बहिणीकडं वळला.

"बापाला मुंग्या लावल्यास व्हय गं?"

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "तुम्ही लाकडं लावली, दादा. मी मुंग्या लावल्या."

"गावात तोंड दावायला जागा ठिवली न्हाईस! रीत म्हंजी काय हाय का न्हाई?"

"रीत तू केलीस की सगळी. मी आडवी आले का? मला नुसतं बघायचं होतं. तू मला बघू दिलं न्हाईस."

गावची भाषा त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

दादानं हात उगारला. मला वाटलं बहिणीला मारतो. पण त्याचा तळहात आबांच्या खांद्यावर जोरात बसला. गूळ फुटला नाही. उन्हाळ्याचे दिवस, वर दिवे तापलेले. गूळ मऊ झाला होता आणि हात तिथंच चिकटला. त्यानं तो सोडवून घेतला तेव्हा खांद्यावर त्याचा पंजा उमटला होता आणि त्याच्या तळहाताला गूळ लागला होता.

आता तो हात कुठं पुसावा हे त्याला कळेना. पँटला पुसायला नेला, थांबला. एका भाऊबंदानं रुमाल पुढं केला, तो घेतला नाही. "बेसिन तिकडं आहे," गॅलरीवाल्या बाई हळूच म्हणाल्या. दादा बेसिनकडं गेला नाही. बापाकडं बघत, हात अंगापासून लांब धरून तो उभा राहिला. मग सगळ्यांसमोर त्यानं तो तळहात तोंडाशी नेला आणि लहान मूल चाटतं तसा चाटला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"रामसजीवनच्या काहिलीचा?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"मग हितं कशाला ठिवलंय त्यास्नी, परक्यात? घरला चल घिऊन."

दुसऱ्याच दिवशी आबा टेम्पोतून गावी गेले. खाट गुऱ्हाळाच्या पडक्या छपराखाली मांडली. लोक येऊन बघून जायचे. कुणी अभद्र म्हणायचं, कुणी हात जोडायचं. हा गूळ संपला तर सुतक धरायचं का, यावर देवळापुढं वाद झाला म्हणे, आणि निकाल काही लागला नाही. आमच्या संस्थेतूनही मॅडमना बोलावणं आलं. शिक्षिकेनं असं करावं का, वगैरे. त्या म्हणाल्या, "मी माझ्या वडिलांचं केलं." एवढं सांगून त्या पुढच्या तासाला वर्गावर हजर होत्या.

त्या दर शनिवारी जायच्या आणि आबा किती उरलेत ते वहीत काढायच्या. दोनदा मीही बरोबर होते. नाकडोळे आधी गेले. दमट हवा सुरू झाली तशी बरगड्यांवरून काकवीसारखी धार लागली. मुंग्यांची ओळ खाटेच्या पायावरून चढायची, उतरायची, आणि शेजारी दादा हातात काठी घेऊन बसलेला.

"काठी कशाला हो?" मी विचारलं.

"कुत्रं येतंय," तो म्हणाला. "मुंग्यांचं एक ठीक हाय, मुंगळं बी ऱ्हाऊ द्या. पर कुत्रं नको."

त्यांची आई छपराच्या कडेला बसून असायची. नवऱ्याकडं बघत तिनं एकदा मुलीला दटावलं, "पाय उघडं का ठिवल्यात गं? त्यास्नी पायाला लय गारठा वाजायचा." आणि स्वतःच्या जुन्या लुगड्याचा तुकडा आणून पावलांवर घातला. मला वाटलं मॅडम तो बाजूला करतील. आयुष्यभर झाकण्याचा राग केलेली बाई. त्यांनी वही उघडली आणि आईनं घातलेल्या कापडासकट पाय काढले.

पुढं आषाढात एका बुधवारी आम्ही स्टाफरूममध्ये पेपर तपासत असताना दादाचा फोन आला. मॅडम नुसतं 'हं, हं' करत ऐकत होत्या. त्या काहीच विचारत नव्हत्या, तोच सांगत होता, आणि त्याचा मोठा आवाज मला शेजारी बसून ऐकू येत होता. "काल सांजच्याला टाच तेवढी ऱ्हायली व्हती बग. आईच्या कापडाखाली. ती बी आज नरम पडली. मुंग्या थोड्याच व्हत्या, लय न्हवत्या. म्या बसूनच व्हतो. आत्ता बगितलं तर न्हाई. खाट मोकळी झाली, अलके." फोन ठेवून मॅडमनी खडूच्या हातानं तोंड पुसलं. "दादानं सगळं सांगितलं," एवढंच म्हणाल्या, आणि पुढचा पेपर ओढला.

नंतर मुंबईच्या एका मोठ्या गॅलरीनं तेच काम पुन्हा करायला बोलावलं होतं. भाडंतोडं, जागा, सगळं देणार होते. "आबा परत परत कसे मरतील?" असं म्हणून त्यांनी नकार कळवला.

त्यांची आई गेली त्यानंतर दोन वर्षांनी. मी बातमी कळल्यावर बहिणीकडून तशीच गेले. घरातून निघालो तेव्हा मी बायकांत होते. वेस आली, बायका थांबल्या. मॅडमही थांबल्या, माझ्या शेजारी. पुढं व्हायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. पुढं दादा मडकं घेऊन चालला होता. तो थांबला, मागं वळला, आणि आख्ख्या गावासमोर म्हणाला, "अलके, चल की."

भावकीतला एकजण काही बोलायला गेला. दादानं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मॅडमनी पदर खोचला आणि टोप्या घातलेल्या त्या सगळ्या पुरुषांच्या मागून चालायला लागल्या.

त्या परत आल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. पायावर पाणी घेऊन ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसल्या. केसांना धुराचा वास होता. डोळे लाल झाले होते, धुरानं की रडून, ते कळत नव्हतं.

"बघितलं, बाई," त्या म्हणाल्या. "लाकडं जळतात. मधेच एखादं लाकूड घसरतं, मग ते पुन्हा लावतात. दादाला बघवेना, म्हणून मीच लावलं."

मी त्यांचा हात हातात घेतला. त्या भिंतीला टेकल्या. थोड्या वेळानं त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं आणि त्यांना तिथंच झोप लागली, लहान पोरीसारखी, तोंड उघडं टाकून. आत बायकांचं बोलणं चाललं होतं, अंगणात पुरुष बसले होते, कुणीतरी शेजारच्या घरून चहाचं पातेलं आणलं होतं. दादा दोन कप घेऊन आमच्याकडं आला. एक मला दिला. मी मॅडमना हलवायला गेले तर त्यानं मान हलवून मला थांबवलं.

"झोपू द्या तिला," तो हळू म्हणाला, आणि तिचा कप हातात धरून तिथंच ओट्याखाली उभा राहिला.

बहिणीचा दीर मला न्यायला आला तेव्हा मी त्यांचं डोकं आतून आणलेल्या उशीवर अलगद ठेवलं. त्या जाग्या झाल्या नाहीत. सुतकानंतर त्या शाळेत परत आल्याच नाहीत; पुढच्याच महिन्यात राजीनामा पाठवून दूर दक्षिणेतल्या एका कलाशाळेत शिकवायला गेल्या. आमचं फोनवर बोलणं होतं. पण समोर शेवटचं बघितलं ते तेव्हाच. ओट्यावरून उतरताना मी मागं वळून पाहिलं, तर चहा गार होऊन त्यावर साय धरली होती, आणि दादा अजून तो कप घेऊन तिच्या उशाशी उभा होता.